मंगळवारची वाकळ

मंगळवारी दुपारी जेवणं आटोपली की काकूंच्या हॉलमधलं टेबल भिंतीला टेकतं, खुर्च्या बाल्कनीत जातात आणि फरशीवर एक जुनी साडी पसरली जाते. तिच्या चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवली जातात: वरवंटा, लोखंडी तवा, काकांचा जाडजूड शब्दकोश आणि गव्हाच्या पिठाने भरलेला पितळी डबा. काका पेपर उचलून आतल्या खोलीत जाता जाता एवढंच विचारतात, "आता माणसानं चालायचं कुठून?" प्रश्न जुना आहे. त्याला उत्तर मिळत नाही आणि मिळावं अशी काकांची अपेक्षाही नसते.

सांगलीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गेली काही वर्षं हेच चाललं आहे. काकूंचं वय चौसष्ट. शाळेतली नोकरी संपली, मुलगी लग्न होऊन परदेशी गेली आणि हाताला सुई लागली. लागली म्हणजे परत लागली. काकूंचं माहेर सीमाभागातलं. तिथे गोधडीला कुणी गोधडी म्हणत नाही. वाकळ म्हणतात, कानडी घरांत कौदी म्हणतात. लहानपणी आई आणि आत्या वाकळ घालायला बसल्या की सुईत दोरा ओवून देण्याचं काम काकूंकडे असे. शेवटचा चौकोन मिटवण्याआधी आई आत चिमूटभर तांदूळ टाकायची. का, असं विचारलं तर म्हणायची, "वाकळीचं पोट रिकामं ठेवू नये. जी उपाशी राहील ती दुसऱ्याला काय ऊब देणार?"

यंदाच्या वर्षी काकूंनी काय काय शिवलं याची यादी लांब आहे. नातवासाठी तीन दुपटी झाली, तीही काकांच्या जुन्या मलमली धोतरांची, कारण तान्ह्या बाळाच्या अंगाला नवं कापड नको हा आपल्याकडचा नेम. नव्या कापडात खळ असते, ते खरखरतं. शंभरदा धुतलेलं धोतर सायीसारखं लागतं. जीन्सच्या पायांची एक पिशवी झाली, ती भाजीला जाते. मुलीने तिकडून गोल फिरणाऱ्या पात्याची एक कातर पाठवली होती, तिने पिझ्झासारखं कापड कापता येतं. काकूंनी ती दोन दिवस कौतुकाने वापरली. तिसऱ्या दिवशी सतरंजीचा काठ कापला गेला आणि ती कपाटात गेली. शेजारच्या नव्या सुनेला डोहाळजेवणात द्यायला एक वाकळ झाली, तिच्यावर ठिगळांचा मोर होता. मोर पाहून काका म्हणाले, "कोंबडा छान आलाय." तो मोर उसवून आता त्या जागी नुसती फुलं आहेत.

पण या सगळ्या घरच्या गोष्टी. मंगळवार वेगळा.

मंगळवारची सुरुवात महापुराने झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी चढलं. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांवर गेलं. २००५ चा पूर पाहिलेल्या लोकांनीसुद्धा सामान जेवढ्या उंचीवर ठेवलं होतं, त्याच्या वर पाणी आलं. ओसरल्यावर गल्लीगल्लीत भिजलेल्या गाद्यांचे ढीग लागले. कुजलेल्या कापसाचा वास अजून काकूंच्या नाकातून गेलेला नाही. मग बाहेरगावांहून मदतीचे ट्रक आले. त्यांत धान्य होतं, पाणी होतं आणि कपडे होते. कपडे किती? डोंगरच. पण त्यांत भरजरी शालू होते, फाटक्या जीन्स होत्या, एकेकटे मोजे होते. माणसांनी घेण्यासारखं घेतलं आणि उरलेलं रस्त्याकडेला पावसात पडून राहिलं.

ते काकूंना बघवेना. खालच्या मजल्यावरच्या वहिनी, बँकेतून निवृत्त झालेल्या ताई आणि पलीकडच्या गल्लीतल्या आक्का अशा चौघींनी त्या ढिगातून सुती साड्या, चादरी, लुंग्या वेचून काढल्या. गरम पाण्यात दोनदा धुतल्या, गच्चीवर वाळवल्या. आक्कांचं तेव्हाच पंचाहत्तरीच्या पुढे वय. फरशीवर बसता येत नाही म्हणून त्या पाटावर बसून शिवायच्या. दिवाळीपर्यंत अकरा वाकळी झाल्या. ज्यांच्या घरात भिजलेल्या भिंतींखेरीज काही उरलं नव्हतं अशा अकरा घरांत त्या गेल्या. काम संपलं. पण पुढच्या मंगळवारी चौघी पुन्हा जमल्या. कुणी बोलावलं नव्हतं.

वाकळ शिवणं तसं सोपं आहे, असं न शिवणाऱ्यांना वाटतं. साडेपाच मीटरच्या एका साडीचे सहा-सहा फुटांचे तीन तुकडे होतात. दोन तुकडे शेजारी जोडले की आई आणि दोन मुलं मावतील एवढा एक थर. चार थरांना आठ तुकडे, म्हणजे तीन साड्या. नववा तुकडा ठिगळांना. थर एकावर एक घालताना मध्ये सुरकुती राहिली तर ती जन्मभर तिथेच राहते. म्हणून ते वरवंटा-शब्दकोश. मग मोठे टाके घालून सगळं टाचून घ्यायचं आणि काठापासून धावदोरा सुरू करायचा. कडेकडेने चौकोनात फिरत, बोटभर अंतर सोडत, आत आत जायचं. देवळाला प्रदक्षिणा घालावी तसं. मधोमध पोचायला एकटीला महिना लागतो, चौघींना दोन मंगळवार. गंमत म्हणजे उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायका, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, त्यांची कवंदीसुद्धा अशीच काठावरून आत शिवली जाते. तिच्या चार कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या चिंध्यांची फुलं लावतात आणि फुलांवाचून कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, राजस्थानची रल्ली. नावं बदलतात, पण जुनं सुती कापड आणि साधा धावदोरा बदलत नाही. देशभर बायकांनी एकमेकींना न विचारता एकच गोष्ट केली आहे.

मार्च २०२० मध्ये सगळंच थांबलं. मंगळवारही थांबला, पण वाकळ थांबली नाही. एकीने आपली बाजू शिवून ती पिशवीत घालून जिन्याच्या कठड्याला अडकवायची, दुसरीने दोन दिवस गच्चीवर उन्हात टाकून मग शिवायला घ्यायची. तीत प्रत्येकीचा टाका ओळखू येतो. बँकेतल्या ताईंचा मशीनसारखा सारखा, वहिनींचा घाईचा, आक्कांचा बारीक आणि थोडा तिरका. ती वाकळ त्यांनी कुणाला दिली नाही. काकूंच्या दिवाणावर आहे.

आता ज्या गोष्टीमुळे हे सगळं लिहायचं, तिच्याकडे यायला हवं.

सांगलीच्या आसपास दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ऊसतोड कामगार येतात, बीडकडून, जतकडून. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. कारखान्याजवळच्या माळावर कोप्या उभ्या राहतात: बांबूच्या कमानी, वर चटई नाहीतर पाचट, त्यावर प्लास्टिक. पहाटे, काळोखातच, आई-बाप फडात जातात. मुलं कोपीत. थंडीत माळावरचा वारा काय असतो हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. २०२२ च्या दिवाळीआधी वहिनींनी सुचवलं, यंदा त्या मुलांसाठी करू या.

काम झपाट्याने झालं. बँकेतल्या ताईंनी स्वतःच्या जवळजवळ नव्या साड्या दिल्या. जॉर्जेट, शिफॉन, एक तर लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची होती. आत भरायला त्यांनीच पदरचे पैसे घालून फायबरचा कापूस आणला. हाताने शिवत बसलो तर थंडी संपेल म्हणून सगळं मशीनवर मारलं. चौदा झाल्या. गुलाबी, पोपटी, कडेला सॅटिनची पट्टी. इतक्या देखण्या की सोसायटीतल्या बायका बघायला आल्या. एकट्या आक्कांनी त्या हातात घेऊन चुरगाळून पाहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, ही वाकळ नव्हे, शोकेसातली बाहुली आहे." म्हातारं माणूस, जुनं ते सोनं म्हणणारच, असं म्हणून त्यावर सगळ्या हसल्या. नोव्हेंबरच्या शेवटी त्या वाटून झाल्या. फोटो निघाले.

२०२३ च्या संक्रांतीला तिळाच्या वड्या घेऊन काकू आणि वहिनी पुन्हा माळावर गेल्या. पहिल्या कोपीच्या दाराला गुलाबी वाकळ पडद्यासारखी टांगलेली होती. दुसरीकडे पोपटी वाकळ पत्र्याच्या पेटीवर घडी घालून ठेवली होती, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. वहिनी हळूच म्हणाल्या, "वापरतच नाहीत की हो." सुरात राग होता. तिसऱ्या कोपीत एक पंचवीस-सव्वीस वर्षांची बाई भाकरी थापत होती. तिच्या बाजूला पाचेक वर्षांचा मुलगा बसला होता. त्याच्या नडगीवर रुपयाएवढा एक डाग होता, चकचकीत, लालसर.

"काय झालं गं याला?" काकूंनी विचारलं.

ती गप्प राहिली. मग भाकरी उलटत म्हणाली, "काय न्हाई मावशी. चुलीतली ठिणगी उडाली."

बाजूला तीच वाकळ होती. सॅटिनच्या पट्टीखाली एक भोक होतं आणि भोकाची कडा काळी, टणक, मण्यांसारखी गोठलेली. काकू शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांना पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती. तरी त्यांनी विचारलं आणि मग त्या बाईने सांगितलं. तक्रार म्हणून नाही. पाऊस किती पडला हे सांगावं तसं.

"सुती आसलं तर जळून राख व्हती, झटकून टाकता येती. हे पातळ हून चिटकतंय. म्या वढलं तर कातडं बी आलं." थोडं थांबून ती म्हणाली, "तुमी दिलं ते चांगलंच हाय. पर रातीला पोरावरनं घसरतंय. येक डाव धुतलं तर आतला कापूस समदा कोपऱ्यात गेला."

चूल कोपीच्या आत, पोरगं चुलीपासून तीन हातांवर निजणारं आणि अंगावर शिफॉन. चौदा वाकळी शिवताना चौघींपैकी एकीलाही चूल आठवली नाही. गॅसवर स्वयंपाक करून करून ती विसरायला झाली होती.

मग त्या बाईने आपली स्वतःची वाकळ काढून दाखवली. पाच थर, सगळं सुती. वरच्या बाजूला गडद रंग, म्हणजे काजळी आणि माती दिसत नाही. टाके दोन दोन बोटांच्या अंतरावर, कारण टाके फार दाट घातले तर वाकळ ताठ होते आणि धुतल्यावर लवकर वाळत नाही. एका बाजूला शिवलेल्या दोन बंदांनी गुंडाळून बांधली की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर जाते. काकूंनी बंद हातात घेऊन मोजले. वीतभर लांब, दुहेरी शिवलेले. परत येताना रिक्षात वहिनी काही बोलल्या नाहीत. तिळाच्या वड्यांचा डबा अर्धा भरलेलाच राहिला होता.

पुढचा मंगळवार वाईट गेला. बँकेतल्या ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे माझ्या साड्यांनी पोराला भाजलं असंच ना?" तसं कुणी म्हटलं नव्हतं. पण ऐकणाऱ्याला तसंच ऐकू येणार होतं. त्यांचंही खरं होतं. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची साडी नवऱ्याच्या आठवणीची होती. ती देताना त्यांनी किती विचार केला असेल, ते त्याच जाणत. "दिलेल्या वस्तूत खोड काढायची पद्धतच झाली आहे," असं म्हणून त्या उठल्या. काकू म्हणाल्या, बंद करू या हे सगळं, आपल्याला जमत नाही. वहिनींनी मान हलवली.

आक्का पाटावरून म्हणाल्या, "बंद करा. पण आधी त्या चौदा परत आणा."

दिलेली वस्तू परत मागायची कशी? याला काही रीत नाही. देणाऱ्याला लाज, घेणाऱ्याला अपमान. आक्कांचं म्हणणं होतं, "मागायची नाही, बदलायची. भांडीवाली नाही का जुनं घेऊन नवं देत?" म्हणजे आधी चौदा सुती वाकळी हव्यात. आणि इथे खरी अडचण उभी राहिली. सुती साडी आता नेसतं कोण? घरोघरी कपाटं उघडली तर सगळीकडे तेच सुळसुळीत, इस्त्री न लागणारं कापड. शिवाय दुकानदार सुती म्हणून देतात त्यात काय मिसळलेलं असतं, हे डोळ्यांना कळत नाही. काकूंनी शाळेतला जुना प्रयोग काढला. कापडाच्या कडेचे चार धागे ओढायचे आणि चिमट्यात धरून काडीने पेटवायचे. कागद जळाल्याचा वास आणि मऊ राख म्हणजे सुती. केस जळाल्याचा वास म्हणजे रेशीम किंवा लोकर. आक्रसून काळा मणी झाला तर साडी परत. दारात उभं राहून हा प्रयोग चाले. एक शेजारीण चांगलीच दुखावली. "माझी साडी जाळून बघता? मी काय खोटं सांगते?" साडीचा मणी झाला. त्या अजून नीट बोलत नाहीत.

तरी जमत गेलं. कुणाच्या सासूची नऊवारी लुगडी निघाली, कुणाच्या वडिलांची धोतरं. सोलापुरी चादरी आल्या, त्या विटल्या तरी फाटत नाहीत. सात वाकळींचं कापड झालं, मग आठ. नवव्या वाकळीला एक थर कमी पडला, तेव्हा काकूंनी कपाटाच्या तळाची आईची इरकल काढली.

या इरकलीला त्यांनी वीस वर्षं कात्री लावली नव्हती. इरकलीचा पदर मुळात वेगळ्या ताण्याचा असतो, विणतानाच तो अंगाला सांधून घेतात. त्या सांध्यावर कात्री ठेवून काकू बराच वेळ बसल्या. काका दारात उभे होते. ते म्हणाले, "पदर ठेव. अंग दे." पदर आणि काठ ठेवला, बाकीची साडी तिसऱ्या थरात गेली. मधल्या थरात, कुणाला दिसणार नाही अशी. वरच्या थरात का नाही, असं वहिनींनी विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, "मी गेले तिथे तर मला ओळखू येईल. मग मी तिच्याकडेच बघत बसेन."

तिसऱ्या मंगळवारी बेल वाजली. दारात बँकेतल्या ताई होत्या, हातात पिशवी. पिशवीत सहा सुती चादरी आणि दोन लुंग्या. त्या काही बोलल्या नाहीत, कुणी काही विचारलं नाही. चष्मा लावून त्यांनी सगळ्यांच्या सुया पुढ्यात घेतल्या आणि एकामागून एक ओवायला लागल्या. तासाभराने आक्का म्हणाल्या, "बंद दुहेरी शिवायचेत. तुझं मशीन आहे ना?" तेवढ्यावर ते प्रकरण मिटलं.

फेब्रुवारीच्या अखेरीला चौदा वाकळी घेऊन त्या माळावर गेल्या. बारा जुन्या परत मिळाल्या. दोन कुटुंबं दुसऱ्या कारखान्याला गेली होती, त्यांच्या वाकळी त्यांच्याबरोबर गेल्या. त्या दोन कुठे असतील, याचा घोर काकूंना अजून आहे. भाकरी थापणाऱ्या त्या बाईने नवी वाकळ आधी उलटी करून पाहिली, टाके बोटांनी मोजले, बंद ओढून बघितले. मग तिने मुलाला हाक मारली आणि त्याच्या डोक्यावरून वाकळ टाकली. तो आतून हसत राहिला. परत आलेल्या बारांपैकी काही उसवून त्यांच्या पिशव्या झाल्या. पंचविसाव्या वाढदिवसाच्या साडीचे तुकडे ताईंनी वेगळे काढून घरी नेले.

पुढच्या हंगामात ती बाई त्या माळावर नव्हती. मुकादम नेईल तिकडे कोयता जातो. तिचं नाव काकूंनी विचारलंच नव्हतं. मुलाच्या नडगीवरचा डाग मात्र त्यांना पाठ आहे, डाव्या पायाला, गुडघ्याखाली चार बोटं.

आता दर हंगामाच्या सुरुवातीला आठ-दहा वाकळी जातात, जास्त होत नाहीत. आक्कांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बारीक टाका पुन्हा दिसू लागला आहे, फक्त सुई ओवता येत नाही. म्हणून मंगळवारी आल्या आल्या ताई आठ सुया ओवून उशीला टोचून ठेवतात. परवाची वाकळ संध्याकाळी संपत आली. मधला चौकोन हातभर उरला तेव्हा आक्का म्हणाल्या, "पोटाचं काय?" काकू उठून डब्यातून तांदूळ आणायला निघाल्या.

"तांदूळ नको," वहिनी म्हणाल्या. "ती माणसं ज्वारी खातात."

काकूंनी ज्वारीचा डबा उघडला.